टाचेवरचे ठोके

१२ नोव्हेंबर, इस्लापूर

दिवाळीला आलेल्या लेकी सासरी गेल्या आणि गाव पुन्हा कापसाला लागलं. दिवस वर यायच्या आत बायकांचे जथे शेताकडे निघतात. कमरेला ओटी बांधायची, वाकायचं, दोन्ही हातांनी बोंडं मोकळी करत पुढं सरकायचं. मजुरी किलोवर, त्यामुळे दुखतंय म्हणून कुणी घरी बसत नाही. बसलं की त्या दिवसाचे पैसे गेले.

सुट्टीला घरी आले की ओसरीवर माणसं येतात. फिजिओथेरपी शिकलेली पोरगी आपल्याच गावची आहे, एवढं त्यांना पुरतं. आज शेजारच्या मावशी आल्या. "काय सांगू माय, सकाळी उठलं की टाच भुईला टेकू देत नाही बघ. चार पावलं चाललं की जरा बरं. सांजच्याला पुन्हा तेच." निम्मं निदान या बोलण्यातच झालं. टाचेच्या आतल्या कडेला अंगठा दाबला तसा त्यांनी पाय ओढून घेतला. दुखणारी जागा तीच. टाचेच्या हाडापासून बोटांपर्यंत तळव्यात जाड पट्टी असते, प्लांटर फॅशिया. पायाची कमान तिच्यावर तोललेली असते.

एक्स-रे पिशवीतच होता. "हाड वाढलंय म्हणतात," मावशी म्हणाल्या. असं वाढलेलं हाड कधीच न दुखलेल्या टाचांतही दिसतं. त्याला दोष देऊन आणि त्याच्या धास्तीने चालणं सोडून काही साधत नाही. पावसाळ्यात शिकवलेले ताणाचे व्यायाम मावशींनी नेटाने केले, घरातल्या शहाबादी फरशीवर वावरायला मऊ चप्पल घेतली. थोडा फरक पडला आणि तिथंच थांबला. दुखणं गेल्या उन्हाळ्यापासूनचं आहे.

जाताना त्यांनी विचारलं, "नांदेडला मशीनवर शॉक देतात म्हणं. करंट लागतो का गं?" करंट नसतो, दाबाचे ठोके असतात, एवढं सांगितलं. सहा महिन्यांहून जुनी टाचदुखी आणि साध्या उपायांनी अडलेली. या ठोक्यांचा, म्हणजे शॉकवेव्हचा, विचार करावा तो अशाच वेळी.

१५ नोव्हेंबर, नांदेड

मावशी सकाळच्या गाडीने हिमायतनगर, भोकर, मुदखेड करत आल्या. सोबत सून. दोघींची मजुरी बुडाली. उपचाराचा खर्च मोजताना हा आकडा कुणी धरत नाही, मी मात्र धरते. म्हणूनच गरज नसताना कुणाला बोलवायला मन धजत नाही.

आमच्याकडचं यंत्र रेडियल पद्धतीचं आहे. हातात धरायच्या नळीत एक छोटा धातूचा तुकडा असतो. दाबाखालची हवा त्याला पुढं ढकलते आणि तो टोकावर आदळतो. ती धडक कातडीतून आत उतरते आणि पाटाचं पाणी वाफ्यात पसरावं तशी पसरत, विरत जाते. जोर वरच्या तीनेक सेंटिमीटरांत जास्त, म्हणून टाच, कोपर, घोटा अशा उथळ जागांना हे यंत्र ठीक. दुसरी फोकस्ड पद्धत. तिच्यात लाट आत ठरावीक खोलीवर एकवटते. खांद्यात साचलेल्या कॅल्शियमसारख्या खोल दुखण्याला ती बरी.

मावशींना पालथं झोपवलं, पाऊल टेबलाच्या कडेबाहेर. अंगठ्याने दुखरी जागा पुन्हा शोधली, पेनाने खूण केली, जेल लावलं. दीड बार दाबावर सुरुवात केली. टकटकटकटक. पहिल्या ठोक्यांनाच पायाची बोटं आखडली आणि हाताने चादर धरली. "दहापैकी किती दुखतंय?" "आठ!" दाब कमी केला. मिनिटभरात "पाच" म्हणाल्या, मग हळूहळू दाब वाढवला. नळीचं टोक खुणेभोवती सावकाश फिरवत राहायचं. दोन हजार ठोके व्हायला पाच मिनिटंही लागत नाहीत.

सुनेने विचारलं, "भुलीचं इंजेक्शन देऊन का करत नाही?" कारण नेमकी जागा रुग्णाच्या "हां, इथंच" या शब्दावरून कळते. शिवाय जागा बधिर करून ठोके दिले तर गुण कमी येतो, असं अभ्यासात दिसलं आहे. जाताना सांगितलं: दोन दिवस टाच लाल होईल, ठणकेल, बर्फ नको, सूज उतरवणाऱ्या गोळ्याही शक्यतो नकोत. आपल्याला हवी असलेली दुरुस्ती त्या थोड्याशा सुजेतूनच सुरू होते.

१६ नोव्हेंबर, नांदेड

या उपचाराची जन्मकथा आज शिकाऊ मुलींना सांगितली. जर्मनीतली डॉर्निए ही विमानं बनवणारी कंपनी. ध्वनीपेक्षा वेगवान विमानावर पावसाचे थेंब आदळले की धातूला इजा होते. तिचा अभ्यास करताना या लाटांकडे लक्ष गेलं. शरीर बरंचसं पाण्याचं असल्यामुळे लाट कातडी न फाडता आत जाते आणि कठीण वस्तूवर आपटते. ७ फेब्रुवारी १९८० रोजी म्युनिकमध्ये ख्रिश्चन शॉसी आणि सहकाऱ्यांनी पाण्याच्या टाकीत बसवलेल्या रुग्णाचा मुतखडा बाहेरूनच फोडला.

पुढं प्रश्न आला, लाटेच्या वाटेतल्या हाडाला इजा होते का? प्राण्यांवर तपासलं तर हाड उलट वाढताना दिसलं. १९९१ मध्ये बल्गेरियाच्या वाल्चानू आणि मिखाइलोव्ह यांनी न जुळणाऱ्या हाडांवरचा अनुभव प्रसिद्ध केला. मग पाळी आली स्नायुबंधांची, म्हणजे टेंडनची, आणि तळव्याच्या पट्टीची. ऑक्टोबर २००० मध्ये अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जुनाट टाचदुखीसाठी अशा यंत्राला मान्यता दिली.

टाचेत फोडण्यासारखं काही नसतं. इथं ठोका हा पेशींना दिलेला धक्का. टेंडनला रक्तपुरवठा बेताचा, त्यामुळे दुरुस्ती रेंगाळते. ठोक्यांनी वाढीची द्रव्यं स्रवतात, नव्या बारीक रक्तवाहिन्या तयार होतात, वेदना वाहणाऱ्या मज्जातंतूंतली रसायनं कमी होतात. हे सगळं आठवड्यांच्या हिशेबाने घडतं. म्हणून गुण आला की नाही हे साधारण बारा आठवड्यांनी ठरवायचं.

२२ नोव्हेंबर, नांदेड

आज दोघांना परत पाठवलं. एका काकांचं गुडघ्यामागचं दुखणं, पण हृदयासाठी रक्त पातळ करणारं औषध चालू. ठोक्यांनी आत रक्त साकळण्याची भीती. एका ताईंना दिवस गेलेले. गरोदर बाई, रक्त न गोठण्याचा आजार, त्या जागी गाठ किंवा जंतुसंसर्ग, वाढत्या मुलांच्या हाडांची टोकं: इथं हे यंत्र लावायचं नाही. त्याच जागी नुकतंच स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेलं असेल तर काही आठवडे थांबायचं. काका नाराज झाले, "एवढ्या लांबून आलो बाई." त्यांना खुर्चीवरून उठण्या-बसण्याचा व्यायाम शिकवला आणि विष्णुपुरीच्या शासकीय महाविद्यालयात अस्थिरोग विभागात दाखवायला सांगितलं.

तिसरा पोलीस भरतीची तयारी करणारा पोरगा. १६०० मीटरची वेळ कमी करण्यासाठी रोज डांबरी रस्त्यावर धावतो. पोटरी आणि टाच जोडणारी जाड शीर, अकिलीस, सुजलेली. "ताई, मशीन मारा, पंधरा दिवसांत पळायचंय." त्याला स्वीडनच्या आल्फ्रेडसनचा १९९८ चा अभ्यास सांगितला. पायरीच्या कडेवर चवडा, टाच सावकाश खाली सोडायची, दिवसातून दोनदा, दिवसाला एकूण १८० वेळा, बारा आठवडे. अशाच दुखण्याने थांबलेले पंधराच्या पंधरा जण पुन्हा धावू लागले. रोम्पे यांच्या २००९ च्या अभ्यासात याच व्यायामाला शॉकवेव्हची जोड दिली तेव्हा नुसत्या व्यायामापेक्षा जास्त गुण दिसला. म्हणजे व्यायाम पाया आणि यंत्र जोड. पोराचा चेहरा उतरला, पण पायरीवर उभा राहून शिकून गेला.

३० नोव्हेंबर, नांदेड

आपल्या विद्येची उणी बाजू रुग्णाला आपणच सांगावी असं मला वाटतं. ब्रिटनच्या नाइस संस्थेने २००९ मध्ये टाचदुखीसाठीच्या शॉकवेव्हबद्दल लिहिलं की धोका फारसा नाही, पण गुणाचे पुरावे एकसारखे नाहीत. टेनिस एल्बोवर, म्हणजे कोपराच्या दुखण्यावर, अभ्यासांचे आढावे घेणाऱ्या कॉक्रेन संस्थेच्या २००५ च्या आढाव्यात फायदा जवळपास दिसला नाही. खांद्याच्या शिरांवरच्या २०२० च्या आढाव्यातही रुग्णाला जाणवेल असा लाभ थोडाच. गुडघ्याच्या झिजेवर काही अभ्यासांत दुखणं कमी झालेलं दिसतं, पण झिजलेली कूर्चा त्याने परत येत नाही.

म्हणून भिंतीवरच्या "सर्व सांधेदुखीवर शॉकवेव्ह" अशा पाट्या मला खटकतात. मणक्यापासून गुडघ्यापर्यंत एकच नळी फिरवली आणि पाकीट मोठं केलं, असं व्हायला नको. कापूस विकून आलेला पैसा आहे तो.

८ डिसेंबर, इस्लापूर

पैनगंगेचं पाणी ओसरलंय, सहस्रकुंडाला गर्दी कमी. सकाळी ओसरीवर एक बाबा आले. गुडघ्याभोवती बिब्ब्याचे काळे व्रण, एक अजून ओला. वरच्या अंगाला जुन्या डागणीच्या खुणा. दुखणं असह्य झालं आणि जवळ कुणी नसलं की माणूस हेच करतो. त्यांना रागावणं सोपं असतं, पण दोष अंतराचा आहे. ओला व्रण भरेपर्यंत तिथं कुठलंच यंत्र लावता येत नाही. जखम धुऊन झाकली, आरोग्य केंद्रात दाखवायला लावलं.

मग मावशींना व्यायामाचं पुढचं पाऊल दिलं. घराच्या पायरीवर टॉवेलची घट्ट वळी, पायाची बोटं तिच्यावर, टाच पायरीबाहेर. तीन मोजत टाच वर, दोन मोजत थांबायचं, तीन मोजत खाली. हात दाराच्या चौकटीला. बारा वेळा, एक दिवसाआड. बोटं वर उचललेली असली की तळव्याची पट्टी ताणली जाते आणि पोटरीसोबत तिच्यावरही भार येतो. बारा जमले की पाठीवर पुस्तकांची पिशवी. नातू दप्तर द्यायला लगेच तयार झाला.

२० डिसेंबर, इस्लापूर

आठवड्याच्या अंतराने घ्यायचे ठोके संपले. बहुतेकांना तीन ते पाच खेपा लागतात. मावशी सांगतात, "सकाळचं पहिलं पाऊल आता निम्म्यानं हलकं. सांजचं मात्र आहे." मला हे पुरेसं वाटतं. बारा आठवडे अजून व्हायचेत आणि वेचणी थांबलेली नाही. मुळात बऱ्याचशा टाचा ताण, चप्पल आणि धीर यांवर वर्षभरात बऱ्या होतात. मावशींचा गुण कशाचा किती, हे वेगळं काढून दाखवता येणार नाही आणि सगळं श्रेय मशीनला द्यायलाही मी तयार नाही. पायरीवरचा टॉवेल त्यांनी एकदाही चुकवला नाही.

४ जानेवारी, इस्लापूर

वेचणीच्या बायका आता पारावर एकत्र बसून टाचेचे ताण करतात. तुमच्याही घरात कुणाला मशीनचा सल्ला मिळाला तर पैसे भरण्याआधी चार गोष्टी विचारा. माझ्या दुखण्याचं नेमकं नाव काय? तीन-चार महिने नीट व्यायाम करून पाहिला का? चालू औषधं आणि आजार पाहून हे मला चालेल का? ठोक्यांसोबत घरी करायचा व्यायाम कोण शिकवणार? शेवटच्या प्रश्नाला उत्तर नसेल तर उठून या.

आणि ज्यांच्या हातात निर्णय आहे त्यांना एक विनंती. आमच्या किनवटसारख्या तालुक्यात यंत्र नंतर येऊ द्या. आधी प्रत्येक आरोग्य केंद्रात आठवड्यातून एक दिवस का होईना, एक फिजिओथेरपिस्ट बसू द्या.