रनिंग किती झालंय, बॉस?

सेकंड हँड बाइक घ्यायची म्हणजे पुण्यात वीकेंडभर पायपीट आलीच. मीटरवरचा आकडा काहीही सांगो, खरं काय ते गाडीच सांगते!

पुण्यात राहायचं आणि स्वतःची टू-व्हीलर नाही, म्हणजे समुद्राकाठी राहून पोहता न येण्यासारखंच. माझा धाकटा मावसभाऊ सोलापूरहून हिंजवडीत जॉबला आला आणि पहिले तीन महिने त्याने बसच्या भरवशावर काढले. चौथ्या पगाराला फोन आला, ‘‘दादा, सेकंड हँड बाइक घेऊ या. बजेट ४५.’’ ४५ हजार म्हणजे त्याचं आजवरचं सगळं सेव्हिंग. दादाला गाड्यांमधलं कळतं, असा त्याचा ठाम समज आहे. तो मी आजवर दूर केलेला नाही.

शनिवार दुपार, नाना पेठ

टू-व्हीलरचे पार्ट म्हटलं की पुणेकराची पावलं आपोआप नाना पेठेकडे वळतात. दुकानांबाहेर लटकलेले सीट कव्हर, आरसे, सायलेन्सर, आणि फुटपाथवरच स्क्रू पिळणारी मंडळी. तिथून जवळच्याच एका गल्लीत जुन्या गाड्या ओळीने उभ्या होत्या. टायरला काळं पॉलिश, टाकीला वॅक्स. एकदम चकाचक!

‘‘मायलेज किती?’’ भावाने विचारलं.

‘‘पन्नासच्या खाली येणार नाही, साहेब.’’

इथे पहिला धडा. आपल्याकडे मायलेज म्हणजे पेट्रोलचं ॲव्हरेज. गाडी किती फिरलीय हे विचारायचं तर बाजारातला शब्द वेगळा. रनिंग!

‘‘रनिंग फक्त १४ हजार. सिंगल हँड. डॉक्टरांची गाडी.’’

या बाजारातली दर दुसरी गाडी डॉक्टरांची असते, हे एव्हाना लक्षात आलं होतं. मनात हिशोब केला. गाडी आठ वर्षांची. पुण्यातला नोकरदार माणूस जाऊन-येऊन २५ किलोमीटर सहज चालवतो. वर्षाचे ३०० दिवस धरले तर साडेसात हजार. आठ वर्षांचे ६० हजार. १४ हजार म्हणजे दिवसाला सहा किलोमीटरसुद्धा नाही. डॉक्टर दवाखान्याच्या वरच राहत असतील तर गोष्ट वेगळी.

आमच्यासोबत माझे नेहमीचे मेकॅनिक चाचा होते. त्यांनी मीटरकडे ढुंकूनही पाहिलं नाही. ते सरळ उकिडवे बसले. ‘‘आकडा नका बघू, रबर बघा,’’ म्हणाले. दोन्ही फुटरेस्टचं रबर कोरं करकरीत होतं. पण ब्रेक पेडलवरच्या रेषा घासून गुळगुळीत झालेल्या, गियर लिव्हरचं रबर झिजून आतलं लोखंड दिसत होतं. चावी लावायचं भोकही ढिलं. चाचांनी मग टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचून दाखवले. पहिले दोन म्हणजे आठवडा, नंतरचे दोन म्हणजे वर्ष. दोन्ही टायर गाडीपेक्षा पाच वर्षांनी लहान निघाले.

‘‘१४ हजारांत दोन्ही टायर संपले का, शेठ?’’ चाचांनी शांतपणे विचारलं. शेठनी आमच्यासाठी चहा मागवला. उत्तर मात्र आलं नाही. चहा पिऊन आम्ही सटकलो.

रविवार सकाळ, जुना बाजार

‘‘हे होतं कसं, ते दाखवतो,’’ म्हणून दुसऱ्या दिवशी चाचा आम्हाला मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात घेऊन गेले. ताडपत्रीवर काय नव्हतं! पाने, पक्कड, कुलपं, बंद पडलेले कॅमेरे, नाणी. आणि त्यातच एका कोपऱ्यात बाइकच्या मीटरचा ढीग. काचेमागे प्रत्येकाचा आकडा जिथे थांबला तिथेच होता.

मी एक उचलला. २२,४१७. हे किलोमीटर कुणाचे? कुठल्या रस्त्यावरचे?

चाचांनी फंडा समजावला. केबलच्या मीटरमध्ये पुढच्या चाकापाशी छोटा गियर असतो. चाक फिरलं की तो केबल फिरवतो, आणि केबल मीटरमधली आकड्यांची चाकं. केबल काढली की गाडी धावते, आकडा झोपतो. मीटरच दुसरा बसवला तर दुसऱ्याच गाडीचा हिशोब आपल्या गाडीला चिकटतो. शिवाय बऱ्याच जुन्या मीटरना किलोमीटरचे पाचच आकडे. ९९,९९९ नंतर पुन्हा शून्य! डिजिटल मीटर आला म्हणून निर्धास्त होऊ नका. तोही बदलता येतो, आणि त्यातला आकडा मशीन लावून फिरवताही येतो.

भाऊ ‘‘काय लोक असतात, दादा!’’ म्हणाला आणि माझी बोलती बंद झाली.

कारण २०११ मध्ये मी माझी पहिली बाइक विकली, तेव्हा तिची केबल आठ महिने तुटलेली होती. कंटाळा म्हणून टाकली नव्हती. विकायच्या आदल्या आठवड्यात नवी टाकून घेतली. घेणारा कॉलेजचा पोरगा होता. मीटरवर ३८ हजार बघून जाम खूश झाला. मी खोटं काहीच बोललो नाही. फक्त आठ महिन्यांबद्दल गप्प बसलो. हे मी त्या सकाळी भावाला सांगितलं नाही.

रविवार दुपार, सहकारनगर

शेवटी ओळखीतून एक गाडी कळली. २०१५ ची, एमएच-१२, मालक रिटायर्ड गृहस्थ. मीटर ५८,३१२! भावाचं तोंड पडलं. ‘‘दादा, ही तर म्हातारी आहे.’’

चाचांनी आधी इंजिनला हात लावला. थंड होतं. म्हणजे आमच्यासाठी गरम करून ठेवलेलं नव्हतं. थंड इंजिन कसं सुरू होतं त्यावरूनच तब्येत कळते. बटण दाबताच गाडी सुरू. निळा धूर नाही, टायमिंग चेनची खरखर नाही. मेन स्टँडवर घेऊन पुढचं चाक उचललं आणि हँडल डावी-उजवीकडे फिरवलं. मध्ये कुठे अडकत नव्हतं, म्हणजे कोन सेट ठीक. स्प्रॉकेटचे दात शाबूत. रबरं झिजलेली होती, पण आकड्याला शोभेल इतकीच.

मग काकांनी आतून एक डायरी आणली. प्रत्येक वेळी भरलेलं पेट्रोल, तारीख, किलोमीटर. सर्व्हिसिंगची बिलं टाचलेली, प्रत्येकावर रीडिंग. चेन सेट ४६ हजारांना बदललेला. आणि व्यवहार ठरायच्या आत काका आपणहून म्हणाले, ‘‘यात आणखी हजारभर धरा. २०१९ च्या पावसाळ्यात केबल तुटली होती. दीड महिना तशीच चालवली मी.’’

मी डायरीकडे बघत राहिलो. तिथे खरंच लिहिलं होतं, ‘मीटर बंद’.

सौदा ४२ हजारांना झाला. ‘‘घासाघीस नको,’’ असं काकांनी फोनवरच बजावलं होतं, त्यामुळे आम्ही ती केली नाही. निघताना त्यांनी डायरीही दिली. बरीच पानं कोरी आहेत म्हणाले.

स्वारगेटजवळ पेट्रोल भरून भावाने पंपावरच पहिली ओळ लिहिली. ‘‘दादा, मीपण लिहीत जाणार.’’

‘‘लिही,’’ म्हटलं. ‘‘आणि केबल तुटली तर तेही लिही.’’

गाडी बघायला जाताय?

* सकाळी जा, आणि ‘गाडी सुरू करून ठेवू नका’ असं आधीच सांगा.
* सर्व्हिसिंगची बिलं मागा. तारखेनुसार रीडिंग वाढत गेलेलं दिसलं पाहिजे. मालकाला सोबत घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरमध्येही जुनी नोंद विचारा.
* चासी आणि इंजिन नंबर आरसीशी ताडून बघा. नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडीवर लोन असेल तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी.
* जुन्या गाड्यांच्या डीलरने आरटीओकडून अधिकृत होणं अपेक्षित आहे. १ एप्रिल २०२३ पासून तसे नियम लागू आहेत. सर्टिफिकेट दाखवा म्हणायला लाजू नका.