हाडातलं सिमेंट

सिमेंट हा शब्द आम्हा धायरीकरांना काही नवा नाही. खिडकी उघडली की समोर कुठली ना कुठली इमारत वर चढताना दिसतेच. पण सिमेंट माणसाच्या हाडातही भरतात, हे मला कळलं ते थोरल्या जाऊबाईंच्या गुडघ्यामुळे.

जिन्याच्या ओल्या पायरीवरून त्या घसरल्या. गुडघ्याखालच्या हाडाचा वरचा सपाट भाग आत दबला. डॉक्टरांनी तो उचलून जागेवर आणला, पण खाली पोकळी राहिली. अशा वेळी पुष्कळदा कमरेजवळचं हाड काढून तिथं भरतात. म्हणजे एक दुखणं निस्तरायला दुसरी जखम! जाऊबाईंना मात्र सिरिंजनं लगदा भरला आणि बाजूनं धातूची पट्टी बसवली.

हा लगदा कॅल्शियम फॉस्फेटचा. आपल्या हाडातलं खनिजही त्याच जातीचं. पूड द्रवात कालवली की काही मिनिटांत ती आळू लागते, तीही शरीरातल्या ओलाव्यात आणि फारशी न तापता. सांधा बदलताना वापरतात ते सिमेंट वेगळं. ते विरघळत नाही. हे मात्र सावकाश झिजतं आणि जागा होईल तसतसं आपलं हाड तिथं भरत येतं. त्याला महिने लागतात, कधी वर्षंही. कल्पना तशी जुनी. १८९२ साली जर्मनीत ड्रेसमन यांनी हाडाच्या पोकळीत प्लास्टर ऑफ पॅरिस भरलं होतं. कॅल्शियम फॉस्फेटचं सिमेंट १९८०च्या दशकात अमेरिकेत निघालं. पुढे आपल्याकडे तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा तिरुनाल संस्थेनंही सिरिंजनं भरता येईल असं सिमेंट तयार केलं.

पंचाईत केली ती त्या शब्दानं. सिमेंट भरलं म्हणजे पाय पक्का, असं घरात सगळ्यांनी धरलं. गौरी तोंडावर आलेल्या. "वहिनी, आता तर काँक्रीट झालंय!" ह्यांनी चेष्टा केली, आणि जाऊबाई खरोखरच पुरण शिजवायला उठू लागल्या. डॉक्टरांनी तर तीन महिने पायावर भार देऊ नका म्हणून बजावलेलं.

मी म्हटलं, "अहो जाऊबाई, समोरचा स्लॅब बघा. भरून आठवडा झाला, तरी पाणी मारतायत. खालचे टेकू कुणी काढलेत का?"

त्या पाहत राहिल्या आणि मुकाट्यानं बसल्या. हे सिमेंट दाब सोसतं, पण ठिसूळ असतं. पिळलं किंवा वाकवलं तर तडकतं. त्या गौरींना पुरण मी शिजवलं, पुरणयंत्र ह्यांनी फिरवलं आणि जाऊबाईंनी खुर्चीवरून हुकूम सोडले. पोळ्या जरा जाड झाल्या, पण कुणाचं काही अडलं नाही.

मैत्रिणींनो, घरात कुणावर अशी वेळ आली तर डॉक्टरांना तीन गोष्टी जरूर विचारा : काय भरलंय, ते विरघळणारं आहे का आणि भार कधी द्यायचा. आणि ते सांगतील तितके दिवस त्या बाईला स्वयंपाकघरातून खुशाल रजा द्या.