व्यवसाय : गृहिणी, उत्पन्न : निरंक

आमच्या आयांकडे पैसा नव्हता, असं कुणी म्हटलं तर विश्वास ठेवू नका. पैसा होता, फक्त तो कुठल्या वहीत नव्हता. तूरडाळीच्या डब्यात तळाशी, लग्नातल्या शालूच्या घडीत, देव्हाऱ्याखालच्या खणात तो असायचा. रद्दीचे, भाऊबीजेच्या ओवाळणीचे, माहेरहून निघताना कुणी हातावर टेकवलेले, भाजीवालीशी घासाघीस करून वाचवलेले. शिवाय भिशी होतीच. नंबर लागला की घरात कुकर यायचा, नाहीतर मुलीच्या कानातलं. घरातल्या पुरुषांना हे सगळं ठाऊक असायचं आणि ठाऊक नसल्यासारखं वागायची रीत होती. महिनाअखेरीला मात्र “शंभरेक असतील का गं तुझ्याकडे?” हा प्रश्न ठरलेला. ते शंभर परत दिल्याचं आम्हा भावंडांपैकी कुणी पाहिलेलं नाही.

बँक म्हणजे बाबांचं खातं. १९६९ साली १४ बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, पुढे तालुक्याच्या गावांतही शाखा निघाल्या. पण खातं काढायला ओळख लागायची. म्हणजे आधीच्या खातेदाराने फॉर्मवर सही करायची. बाईला असा खातेदार शोधायला लांब जावं लागत नसे, तो घरातच असे आणि त्याला विचारल्याशिवाय खातं निघत नसे. तरी काहींची निघाली. तिथे पुढचा अडथळा सहीचा. लग्नानंतर नाव बदललेलं, सही करायची वेळ वर्षातून एकदा. आई बँकेत जायच्या आदल्या रात्री वर्तमानपत्राच्या कोऱ्या कडेवर सही गिरवायची. शाळेत दुरेघी वहीत शिकलेलं वळण, प्रत्येक अक्षर सुटं, शेवटी ठसठशीत टिंब. दुसऱ्या दिवशी स्लिप आत जायची, हातात पितळी टोकन यायचं आणि ती बाकावर पर्स मांडीवर धरून बसायची. नंबर पुकारला की आतून आवाज यायचा, “सही जुळत नाही, परत करा.” सगळ्यांसमोर. मग ती म्हणायची, यापेक्षा डाळीचा डबा बरा, तो सही मागत नाही.

त्यापेक्षा दारात येणारी माणसं तिला सोयीची. पोस्टाच्या आवर्त ठेवीचे पैसे गोळा करणाऱ्या एजंट बाई दर महिन्याला यायच्या, चहा व्हायचा, कार्डावर नोंद व्हायची. पतपेढीचा पिग्मीवाला तर रोजचाच. रोजच्या चार पैशांची ही पिग्मी १९२८ साली उडुपीत सुरू झाली, पुढे सिंडिकेट बँक म्हणून ओळखल्या गेलेल्या बँकेत. ज्यांना पगाराची तारीख नाही अशांच्या खिशाचा अंदाज त्या लोकांना बरोबर आला होता. आणि म्हसवडच्या बायकांनी तर स्वतःची बँकच काढली. सभासद अंगठेबहाद्दर म्हणून रिझर्व्ह बँकेने आधी परवाना नाकारला. तेव्हा बँकेसाठी पुढाकार घेतलेल्या चेतना सिन्हा त्या बायकांना घेऊन पुन्हा गेल्या आणि व्याजाचा हिशेब तोंडी करून दाखवायची तयारी बायकांनीच दाखवली. १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. आमच्या घरांत एवढी हिंमत कुणाची नव्हती, हेही खरं.

एटीएम मुंबईत १९८७ साली आलं, आमच्या गावी पोहोचायला बरीच वर्षं गेली. कार्ड घरात आलं ते पगाराच्या खात्याबरोबर, आधी बाबांचं, मग दादाचं. त्यामुळे कार्ड पगारदारालाच मिळतं ही समजूत पक्की झाली. “मला कुठे पगार आहे?” म्हणून आया बाजूला. खरं तर उत्पन्न विचारायचं ते क्रेडिट कार्डासाठी, तिथे बँक उधार देते. डेबिट कार्डात पैसे आपलेच. पण हे कुणी सांगायचं? काउंटरवरच्या माणसाला किमान शिल्लकेचं खातं हवं असायचं. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने मूलभूत बचत खातं आणलं. त्यात किमान शिल्लकेची अट नाही, एटीएम कार्ड फुकट. पॅन नसेल तर फॉर्म ६० भरायचा. तुम्ही होऊन मागितल्याशिवाय या खात्याचं नाव निघत नसे.

२८ ऑगस्ट २०१४ ला जनधन सुरू झालं आणि उलटंच घडलं. धुणंभांडी करणाऱ्या मावशींकडे कार्ड आमच्या आईच्या आधी आलं. ओट्याशी उभं राहून त्यांनी कमरेच्या पिशवीतून पाकीट काढलं, त्यातून रुपे कार्ड. “वहिनी, तुमचं कंचं हाय?” आईने उत्तर दिलं नाही, हात पुसून कार्ड मागून-पुढून बघितलं आणि विम्याचं काय ते विचारलं. अपघाताचा १ लाखाचा विमा त्यावर होता, तो मावशींना पाठ होता.

मग नोटाबंदीची, ८ नोव्हेंबर २०१६ ची रात्र. डाळीच्या डब्यांची, शालूंच्या घड्यांची झाडून झडती झाली, आणि ती झडती आयांनीच घेतली. पाचशेच्या नोटा पंख्याखाली मोजताना घराघरांतले नवरे थक्क झाले. कुणाकडे चाळीस हजार, कुणाकडे त्याहून जास्त. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या भरण्याची चौकशी होणार नाही, असं सरकारने सांगितलं, तेव्हा कुठे जीव भांड्यात पडला. पैसे भरायला खातं हवं, म्हणून खातं निघालं. फॉर्मवर व्यवसाय गृहिणी, उत्पन्न निरंक. कुणी काही विचारलं नाही. काही दिवसांनी कार्ड पोस्टाने घरी.

पिन तिने फोनच्या डायरीत लिहिला, ‘पिंगळेकाकू’ या नावापुढे, शेवटचे चार आकडे. अशा कुणी काकू आमच्या नात्यात नाहीत. पण खरी गोची वेगळीच होती. फॉर्मवर मोबाइल नंबर दादाचा घातलेला, कारण तेव्हा तोच फॉर्म भरत होता. आईने गावात पाचशे काढले की पुण्यात त्याचा फोन वाजायचा आणि तो ऑफिसातून विचारायचा, “आई, पाचशे कशाला गं?” काळजीनेच विचारायचा. पण डाळीच्या डब्याने तिला असं कधी विचारलं नव्हतं. बँकेची सोय झाली, खाजगीपणा गेला. माझ्या मते आमच्या घरांतला हा सर्वांत महाग सौदा, आणि तो आम्ही मुलांनीच केला.

अखेर ती एकटी शाखेत गेली, नंबर बदलून आली, आम्हाला नंतर कळलं. २०२४ मध्ये लाडकी बहीण योजनेचे दीड हजार सुरू झाले तेव्हा पासष्टच्या वरची म्हणून ती यादीत नव्हती. त्याचा राग तिने महिनाभर बोलून दाखवला. फॉर्म मात्र आळीतल्या सुनांचे तिच्याकडेच यायचे. आधार जोडलेलं खातं स्वतःच्या नावाचं आहे ना, हे ती आधी बघायची आणि मोबाइल नंबरच्या रकान्यात नवऱ्याचा नंबर दिसला की फॉर्म परत करायची.