खानदेशचा माळ आणि शहामृगाचे कवच

१/ खानदेशात एके काळी शहामृग वावरत असत. हे विधान आज दंतकथेसारखे वाटेल. परंतु त्याचा पुरावा हाती धरता येईल असा आहे. अंड्याच्या कवचाचा तो एक लहानसा तुकडा जळगाव जिल्ह्यातील चाळीसगावजवळ, पाटणे येथे सापडला. ज्या माळाची तो साक्ष देतो, त्या माळाचा हा इतिहास.

२/ प्रथम भूमी पाहावी. उत्तरेस सातपुडा, दक्षिणेस सातमाळा-अजिंठ्याची रांग आणि मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचे थर हा या प्रदेशाचा पाया. त्यावर तापी, गिरणा, पांझरा, बोरी या नद्यांनी गाळ पसरला आणि पुढे पावसाच्या पाण्याने तोच गाळ कोरून त्यात खोल घळी पाडल्या.

३/ सपाट माळावरून चालणाऱ्याला या घळी दुरून दिसत नाहीत. अगदी काठाशी पोहोचल्यावर पायाखालची जमीन संपते. पाटणादेवीच्या बाजूला तर डोंगराचे कडेच दरीला भिडले आहेत. डोंगरी नदी त्यातून वाट काढते. पावसाळ्यात केदारकुंड व धवलतीर्थ येथे पाणी कोसळते. अशा ठिकाणी निसर्गाने जमिनीचा छेद घेऊन ठेवलेला असतो आणि पुरातत्त्वज्ञाला तो पोथीच्या पानांसारखा वाचता येतो.

४/ पुरातत्त्वज्ञ एस. ए. साळी यांनी १९७२-७३ मध्ये पाटणे येथे उत्खनन केले. एकावर एक साचलेल्या थरांत मध्य पुराश्मयुगाच्या अखेरीपासून मध्याश्मयुगापर्यंतची दगडी हत्यारे मिळाली. जसजसा काळ पुढे सरकतो तसतशी हत्यारे लहान व नेमकी होत जातात. महाराष्ट्रात अश्मयुगाचा असा सलग क्रम एकाच स्थळी क्वचितच मिळतो.

५/ त्याच थरांत शहामृगाच्या अंड्याचे कवच होते. काही तुकड्यांचे मणी झालेले, काही मणी अर्धवट सोडलेले. एका तुकड्यावर समांतर रेघांच्या चौकटीत आडव्या-तिरप्या रेघांची जाळी कोरलेली आहे. काळ सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचा. शेती, धातू, मडकी यांपैकी काहीही नसताना खानदेशातील कोणाला तरी ही नक्षी काढावीशी वाटली होती.

६/ येथे सावधपणाही हवा. भारतात सापडलेल्या अशा अनेक तुकड्यांवरील रेघा वनस्पतींच्या मुळांनी पडलेल्या, म्हणजे नैसर्गिक ठरल्या आहेत. पाटण्याचा तुकडा मात्र मानवी हातचा मानला जातो, म्हणूनच भारतीय कलेच्या प्रारंभाचा विचार करताना त्याचे नाव घ्यावे लागते. एका पक्ष्याने टाकून दिलेले कवच मानवी मनाचा दस्तऐवज झाले.

७/ ती अंडी दुसऱ्या कोण्या पक्ष्याची नसतील कशावरून? राजस्थान व मध्य प्रदेशातील अशाच कवचांतून हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवशास्त्र केंद्रातील संशोधकांनी डीएनए मिळवला. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात या पक्ष्यांचे आफ्रिकी शहामृगाशी निकटचे नाते दिसून आले.

८/ आता या पुराव्याचा खरा अर्थ. शहामृगाला उडता येत नाही. दूरवर दृष्टी पोहोचेल आणि वेगाने धावता येईल अशी मोकळी भूमी हेच त्याचे संरक्षण; घनदाट अरण्य त्याचे घर नव्हे. हिमयुगाच्या त्या काळात मान्सून दुबळा होता, हवा कोरडी होती आणि गवताला वाव होता. कवचाचा तुकडा पक्ष्याबरोबर त्या माळाचीही साक्ष देतो.

९/ या माळाने पुढे माणसे पोसली. साक्री तालुक्यातील कावठे येथे सुमारे चार हजार वर्षांपूर्वीच्या ताम्रपाषाणयुगीन लोकांची, जमिनीत खड्डे खोदून उभारलेली घरे उत्खननात मिळाली. अहिराणी भाषेचे नाव पशुपालक अहिरांशी जोडले जाते. धुळे जिल्ह्यातील ठेलारी आजही मेंढरांचे कळप घेऊन चाऱ्यामागे फिरतात.

१०/ आणि दऱ्यांनी विद्या व कला सांभाळली. पाटण्याच्या डोंगरापलीकडे, कन्नड तालुक्यात, पितळखोऱ्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील यक्षमूर्तीवर ती घडवणाऱ्या कान्हदास या सुवर्णकाराचे नाव कोरलेले आहे. पाटण्याच्या शिलालेखातून कळते की, भास्कराचार्यांचा नातू चांगदेव याने इ.स. १२०७ च्या सुमारास आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी येथे मठ स्थापला. निकुंभ राजांनी त्याला दान दिले. लेखाचा शेवटचा भाग जुन्या मराठीत आहे.

११/ १९८६ मध्ये घोषित झालेल्या गौताळा-औट्रमघाट अभयारण्यात आज बिबट्या, अस्वल, नीलगाय नांदतात. दऱ्यांना कायद्याचे छत्र मिळाले. त्यांच्या पायथ्याचा माळ बहुतांशी त्याबाहेर राहिला. महसुली भाषेत तो ‘पडीक’. जेथे पीक नाही व झाडही नाही ती जमीन वाया गेलेली, ही समजूत इंग्रजी महसूल पद्धतीने पक्की केली आणि ती अद्याप सुटलेली नाही.

१२/ या एका शब्दाची किंमत मोठी आहे. पडीक म्हटले की नांगर, मुरमाच्या खाणी, प्रकल्प, एवढेच काय, सदिच्छेने केलेले वृक्षारोपणही तेथे योग्य वाटू लागते. पण लांडगा, खोकड, चिंकारा यांना सावलीपेक्षा मोकळा माळ लागतो. माळढोक महाराष्ट्रातून जवळजवळ दिसेनासा झाला, त्याचे एक मोठे कारण माळ हरपणे हेच आहे.

१३/ उलट उदाहरणही खानदेशातच आहे. धुळे तालुक्यातील लामकानी गावाने चराईबंदी व कुऱ्हाडबंदी पाळून उजाड टेकड्यांवर पुन्हा गवत उभे केले. माळाला फार काही द्यावे लागत नाही; काही पावसाळे त्याला विसावा मिळावा, इतकेच पुरते.

१४/ पाटण्याला जाणारा अभ्यासक मंदिर पाहतो, धबधबे पाहतो. त्याने पायथ्याच्या कुसळी-पवन्याच्या गवताकडेही पाहावे. घळीत गारगोटीचे पाते दिसले तर ते उचलू नये. जागेवरून हलले की त्याचा काळ सांगणारा थर त्याला पारखा होतो. मंदिर आठ-नऊ शतकांचे, लेणी दोन हजार वर्षांची, आणि ज्याला आपण पडीक म्हणतो तो माळ या साऱ्यांहून पुरातन आहे.