मीटर खोटं बोलत नाही

दूरध्वनी खात्यात माझी उभी नोकरी गेली. ट्रंक कॉल बुक करून लोक दिवसभर फोनशेजारी बसून राहायचे, त्या काळात मी चिकटलो. १ ऑक्टोबर २००० ला खात्याचं बीएसएनएल झालं, त्यालाही बरीच वर्षं उलटल्यावर सुटलो. हे सांगायचं कारण एवढंच, की परदेशी जाताना इंटरनेटचा पॅक निवडण्यात मी ज्या चुका केल्या, त्या अडाणीपणातून झालेल्या नाहीत. मला यातलं कळतं याची मला खात्री होती. सोसायटीत कुणाचा राउटर रुसला तर आजही माझीच बेल वाजते.

सुरुवात बँकॉकला झाली. निवृत्त सहकाऱ्यांचा गट होता आणि पॅक निवडायचं काम ओघानंच माझ्याकडे आलं. मी ‘अनलिमिटेड’ असं लिहिलेलं ई-सिम निवडलं आणि सगळ्यांना तेच घ्यायला लावलं. पहिल्याच दिवशी दुपारी राजवाड्याबाहेर टॅक्सी बोलवायची वेळ आली आणि कुणाच्याच फोनवर नकाशा उघडेना. पॅकच्या खाली बारीक अक्षरांत लिहिलं होतं : रोज १ जीबीपर्यंत पूर्ण वेग, त्यानंतर १२८ केबीपीएस. ते बारीक अक्षर मी वाचलं नव्हतं. हॉटेलच्या वायफायऐवजी फोनच्या डेटावर सकाळचे सगळे व्हिडिओ पाठवून आम्ही दिवसाचा कोटा जेवणाआधीच संपवला होता. गटातल्या एकानं शांतपणे आठवण करून दिली, की २००४ च्या ब्रॉडबँड धोरणात निदान २५६ केबीपीएस असेल तरच त्याला ब्रॉडबँड म्हणायचं, असं ठरलं होतं. आपण त्याच्या निम्म्यावर आहोत. पुढे हेच ब्रॉडबँड घेतलेली गिऱ्हाइकं मंद वेगाची तक्रार घेऊन यायची तेव्हा ‘बंद कुठे पडलंय? वेग कमी झालाय, एवढंच’ हे उत्तर मी स्वतः दिलेलं आहे. त्या दुपारी ते मला कुणी ऐकवलं नाही. ही त्या मंडळींची सभ्यता.

एवढ्यावर शहाणं व्हायला हरकत नव्हती. पण माणूस चुकीतून नेमकं नको ते शिकतो. ‘अनलिमिटेड’ ही फसवणूक आहे, आपण मोजून डेटा घ्यायचा, एवढंच मी शिकलो. त्यामुळे मुलीकडे नेदरलँड्सला जायचं ठरलं तेव्हा मी रीतसर तक्ता मांडला : पॅकचं नाव, किती जीबी, किती दिवस, आणि शेवटच्या रकान्यात एका जीबीला किती रुपये पडले ते. दर हॉटेलचा असो, भाजीचा असो वा डेटाचा, एकदा तक्ता मांडला की आपण काहीतरी शास्त्रशुद्ध करतोय असं वाटतं. मुलगी म्हणाली, “बाबा, इथे आल्यावर बघू की.” मी म्हटलं, विमानतळावर उतरल्यापासून फोन चालू हवा. तक्त्यात सगळ्यात खाली, म्हणजे सगळ्यात स्वस्त, एक ‘युरोप’ पॅक होता. १० जीबी, तीस दिवस. विक्रेत्यानं पासपोर्टची प्रत मागितली, त्यानं माझा विश्वास आणखी वाढला. परदेशी सिम भारतात विकायला सरकारची परवानगी लागते, आणि २०२४ च्या जानेवारीत दूरसंचार विभागानं दोन मोठ्या परदेशी ई-सिम कंपन्यांची ॲपं ॲप स्टोअरमधून काढायला लावली होती, हे मला ठाऊक होतं. कागद मागणारा माणूस खरा, हा आमच्या खात्याचा संस्कार. विक्रेता खराच होता. पॅक बरोबर आहे का, हा प्रश्न वेगळा होता आणि तो मी कुणाला विचारला नाही.

दोन पॅक घेतले, एक माझ्यासाठी, एक बायकोसाठी. मग लक्षात आलं, की तिच्या फोनमध्ये ई-सिम बसतच नाही. हे तपासायला *#०६# एवढं दाबायचं असतं; आयएमईआयबरोबर ईआयडी नावाचा लांबलचक आकडा दिसला तर फोनमध्ये ती चिप आहे. ही युक्ती सोसायटीत मीच लोकांना शिकवली होती. घरात ती वापरली नाही. पैसे परत मिळायची सोय नव्हती. “अहो, मग मी काय करू?” असं तिनं विचारलं तेव्हा मी उदारपणे माझा हॉटस्पॉट देऊ केला. पुढे सगळ्या प्रवासात ती माझ्यापासून दहा पावलांच्या आत राहिली. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातसुद्धा असं झालं नव्हतं.

माझ्या फोनवर मी पॅक घरीच बसवून पाहिला. नवीन एक्स्चेंज चालू करण्याआधी चाचणी घ्यायची, ही सवय. क्यूआर कोड स्कॅन केला, सिम फोनमध्ये उतरलं, पण नेटवर्क दाखवेना. पुण्यात बसून युरोपचं नेटवर्क दिसणार कुठून, हा विचार त्या क्षणी शिवला नाही. काहीतरी बिघडलं म्हणून मी ते काढून टाकलं, पुन्हा स्कॅन करू म्हणून. कोड एकदाच चालणारा होता. पुन्हा पैसे भरून तोच पॅक घेतला तेव्हा मी तक्त्यातला एका जीबीचा दर बदलला नाही. तसाच राहू दिला.

नेदरलँड्समध्ये सगळं सुरळीत चाललं. पॅरिसलाही. मुलीला रजा नव्हती, म्हणून आम्ही दोघंच पॅरिसहून झुरिकला जाणाऱ्या गाडीत बसलो. बाझेलला उतरून इंटरलाकेनची गाडी पकडायची होती. मुलहाउस मागे पडलं, तोवर फोन व्यवस्थित चालू होता. बाझेलला उतरलो आणि पडद्यावर वर कोपऱ्यात काहीच नव्हतं.

पुढच्या गाडीची तिकिटं मेलमध्ये, डाउनलोड न केलेली. इंटरलाकेनला घेतलेल्या खोलीच्या किल्लीपेटीचा कोडही मेलमध्ये. मी फोन बंद करून चालू केला, विमान मोड लावला-काढला, डेटा रोमिंग तपासलं. शेवटी पॅकसोबत आलेल्या पावतीची पीडीएफ उघडली, ती तेवढी फोनमध्ये होती. देशांची यादी तिसऱ्या पानावर. नॉर्वे होता, आइसलँड होता, लिख्टेनश्टाइन होता. स्वित्झर्लंड नव्हता.

कारण मला माहीत होतं, हे जास्त लागलं. १५ जून २०१७ पासून युरोपीय संघानं आपल्या रहिवाशांसाठी संघातलं रोमिंगचं जादा शुल्क काढून टाकलं. कंपन्यांनी एकमेकींना काय दर लावायचा यावर मर्यादा घातली, आणि म्हणून संघाच्या देशांत चालणारे पॅक इतके स्वस्त पडू शकतात. नॉर्वे, आइसलँड आणि चिमुकला लिख्टेनश्टाइन संघात नसले तरी युरोपीय आर्थिक क्षेत्रात आहेत, म्हणून तेही त्यात येतात. स्वित्झर्लंड दोन्हींत नाही. ही बातमी मी त्या वेळी वाचली होती, निवृत्तांच्या बैठकीत तिच्यावर बोललोही होतो. पण तक्त्यात ‘देश’ असा रकाना नव्हता. सगळ्यात स्वस्त पॅक सगळ्यात स्वस्त का आहे, हे त्या नसलेल्या रकान्यात होतं.

स्टेशनवरच्या कॅफेत वायफाय होतं. त्यानं मोबाइल नंबर मागितला, एसेमेसनं कोड पाठवतो म्हणालं. माझं भारतातलं सिम मी खर्चाच्या भीतीनं पूर्ण बंद ठेवलेलं. ते चालू केलं. कोड येईना. पुढच्या गाडीला सात-आठ मिनिटं. बायको सामानावर बसून माझ्याकडे बघत होती. काही बोलत नव्हती. तेव्हा मी ते केलं. सेटिंगमध्ये गेलो, डेटासाठी भारतातली लाइन निवडली, डेटा रोमिंग चालू केलं. दोन मिनिटांपुरतं, मेल उघडण्यापुरतं. पॅक घेतलेला नव्हता. मेल उघडला, तिकिटं मिळाली, वायफायचा कोडही मागोमाग येऊन पडला. आता त्याचा उपयोग नव्हता. आम्ही धावत गाडीत बसलो आणि मी फोन खिशात टाकला.

बंद करायचं विसरलो, असं मी घरी सांगितलं आहे. खरं तर अर्धं विसरलो. बर्न सोडल्यावर लक्षात आलं होतं, पण नकाशावर गाडीचा निळा ठिपका सरकताना पाहायला बरं वाटत होतं, आणि इंटरलाकेनला पोचेपर्यंत असं किती लागणार, असंही वाटलं. तुनचं सरोवर खिडकीला लागलं तेव्हा बायकोनं माझ्या हॉटस्पॉटवरून सांगलीच्या बहिणीला व्हिडिओ कॉल लावला. मीही मध्ये डोकावून हात हलवला. त्याच वेळी खिशातला फोन पॅरिसचे सगळे फोटो गुपचूप क्लाउडवर चढवत होता. मधूनमधून एसेमेस येत होते. मी न वाचता सरकवले, जाहिराती असतील म्हणून.

खोलीवर पोचल्यावर तिथल्या वायफायवरून स्वित्झर्लंडचं वेगळं ई-सिम घेतलं. एका संध्याकाळच्या कॉफीत बसेल एवढी किंमत. मग ते एसेमेस वाचले आणि भारतातली लाइन पुन्हा ठार बंद करून टाकली. दोन दिवसांनी फॉरेक्स कार्डात पैसे भरायला गेलो तर बँकेचा ओटीपी त्याच बंद नंबरवर. मुलगी फोनवर म्हणाली, “बाबा, लाइन चालू ठेवा, फक्त तिचं डेटा रोमिंग बंद ठेवा. येणारा एसेमेस फुकट आहे तुमच्या प्लॅनमध्ये.” दोन वेगळी बटणं, एकाखाली एक. मी दर वेळी दोन्ही एकदम दाबत होतो.

बिल पुण्यात आल्यावर आलं. पाच आकडी होतं. बायकोनं ते पाहिलं आणि विचारलं, एका जीबीला किती पडले? मी हिशेब केला नाही.

कंपनीच्या मदतकेंद्राला मात्र फोन लावला. मनाशी वाद तयार ठेवला होता : ग्राहकाला स्पष्ट इशारा हवा, ठरावीक रकमेनंतर डेटा आपोआप थांबायला हवा, वगैरे. पलीकडची मुलगी नम्र होती. म्हणाली, “सर, डेटा रोमिंग तुमच्याच हँडसेटवरून चालू झालेलं दिसतंय. आपण अलर्टही पाठवले होते.” मी म्हटलं, एवढा वापर आम्ही केलेलाच नाही.

आणि थांबलो. हे वाक्य मी टेबलाच्या दुसऱ्या बाजूनं शेकडो वेळा ऐकलं होतं. जादा बिलाची तक्रार घेऊन लोक यायचे, म्हणायचे, साहेब, एवढे फोन आम्ही केलेच नाहीत. मी म्हणायचो, मीटर खोटं बोलत नाही. एसटीडीला लॉक का नाही लावलं? एक निवृत्त शिक्षक आले होते. केलेला प्रत्येक फोन त्यांनी वहीत लिहून ठेवला होता, तारीख, वेळ, किती मिनिटं, सगळं पेन्सिलीनं. वही त्यांनी टेबलावर माझ्याकडे वळवून ठेवली. मी ती उघडूनही पाहिली नाही. मीटर बरोबरही असेल. आजही मला ते माहीत नाही. त्यांनी बिल भरलं, पावती घडी करून वहीत ठेवली आणि गेले.

पलीकडून मुलगी विचारत होती, “सर, आपण लाइनवर आहात ना?” मी हो म्हटलं. रोमिंग मीच चालू केलं होतं, असंही सांगितलं. तिनं काही सवलत देता येईल का ते वरिष्ठांना विचारून पाहिलं, येणार नव्हती. फोन ठेवल्यावर लगेच एसेमेस आला : आमच्या प्रतिनिधीच्या सेवेला पाचपैकी किती गुण द्याल? मी पाच दिले, आणि बिल भरलं.