लेकीची ॲसिडिटी आणि साडेअकरा तासांची वजाबाकी



ॲसिडिटीवर मी या ब्लॉगवर याआधीही लिहिलं आहे. जेवणाच्या वेळा पाळा, चहा कमी करा, मनाने गोळ्या घेऊ नका, हे सगळं तुम्ही वाचलं असेल. आज पुन्हा तोच विषय आहे, पण या वेळी रुग्ण माझी मुलगी आहे आणि निदान चुकवणारी डॉक्टर मी स्वतः आहे. तिला विचारूनच लिहिते आहे. लेख वाचून तिने दोन वाक्यं काढायला लावली, ती काढली आहेत.

तुमच्यापैकी अनेकांची मुलं बाहेरगावी किंवा परदेशी शिकतात. ओपीडीत बीपी तपासताना तुम्ही मोबाइलवर त्यांचे फोटो दाखवता. तुमच्या उपयोगी पडेल म्हणून हा अनुभव सांगते.

झालं काय

बारावीनंतर मुलगी अमेरिकेत मिडवेस्टमधल्या एका सरकारी विद्यापीठात गेली. विद्यापीठ चांगलं, शिष्यवृत्तीही थोडी मिळाली होती. पण ज्या नामांकित विद्यापीठांची तिला आस होती, तिथून बारावीच्या वर्षी नकार आला होता. पहिल्या सहामाहीतच ती म्हणाली, "आई, मी ट्रान्स्फरसाठी अर्ज करते." म्हणजे एका विद्यापीठात वर्षभर शिकायचं आणि दुसऱ्या वर्षापासून दुसऱ्या विद्यापीठात जायचं. तिकडे ही रीतसर सोय आहे. बराक ओबामा लॉस एंजेलिसच्या ऑक्सिडेंटल कॉलेजमधून 1981 मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले ते असेच. हे उदाहरण मीच तिला उत्साहाने पाठवलं होतं.

जानेवारीपासून तिच्या तक्रारी सुरू झाल्या. छातीत जळजळ, पोटात खड्डा पडल्यासारखं वाटणं, मळमळ. ती दुपारी दोन-अडीचच्या सुमारास फोन करायची. सकाळची ओपीडी संपवून मी जेवायला बसलेली असायची.

"रात्री काय खाल्लंस?"

"नूडल्स."

"मग होणारच. पॅन्टोप्राझोल आहे ना? सकाळी उपाशीपोटी घे. तिखट बंद कर."

असं चार-पाच वेळा झालं. फेब्रुवारीत धडधड सुरू झाली. मी म्हटलं, कॉफी कमी कर. मग एका दुपारी तिच्या रूममेटचा फोन आला. मुलीला श्वास पुरत नव्हता, हाताच्या बोटांना मुंग्या येऊन बोटं आखडली होती, "मी मरतेय" म्हणत होती. तिला इमर्जन्सीत नेलं. ईसीजी नॉर्मल. थायरॉइड नॉर्मल. हिमोग्लोबिन 10.4, म्हणजे थोडं कमी. तिथल्या नर्सने तिला एक साधा प्रश्न विचारला: "तू झोपतेस किती वाजता?"

हा प्रश्न मी रोज तीस-चाळीस रुग्णांना विचारते. पोटच्या मुलीला विचारला नाही. हिवाळ्यात तिचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेअकरा तास मागे असतं. माझी दुपारची अडीच म्हणजे तिची रात्रीची तीन. दीड महिना मुलगी मला रात्री तीन वाजता फोन करत होती आणि ही वजाबाकी मी एकदाही केली नाही.

पोट का बिघडतं, हात का आखडतात

आधी शरीरात काय घडत होतं ते समजून घेऊ. तुमच्या घरातही हे दिसू शकतं.

मनावर सतत ताण असला की शरीर सावध अवस्थेत राहतं. ॲड्रिनॅलिन वाढतं, हृदय जोरात धडधडतं, पचनाचं काम मागे पडतं. जठर आणि आतड्यांना स्वतःचं मोठं मज्जातंतूंचं जाळं असतं आणि ते मेंदूशी सतत बोलत असतं. त्यामुळे काळजीचा परिणाम थेट पोटावर होतो. त्यात उपाशीपोटी कॉफी, रात्री उशिरा जेवण आणि लगेच आडवं होणं आलं की जळजळ होणारच. म्हणजे ॲसिडिटी खोटी नव्हती. पण गोळी घेऊन आगीवरचा धूर कमी होत होता, खालचं लाकूड तसंच होतं.

कॉफीचं गणितही पाहा. कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. काहींना कमी, काहींना जास्त. रात्री दहाला प्यायलेल्या मोठ्या कपातलं निम्मं कॅफिन पहाटे तीनला अंगात असतं. मग झोप येत नाही, म्हणून आणखी अभ्यास, त्यासाठी आणखी कॉफी.

बोटं आखडली ती घाबरून वेगाने श्वास घेतल्यामुळे. अशा श्वासाने रक्तातला कार्बन डायऑक्साइड नेहमीपेक्षा कमी होतो, रक्ताची आम्लता बदलते आणि कॅल्शियमचा वापरता येणारा भाग तात्पुरता घटतो. त्यातून ओठांना, बोटांना मुंग्या येतात, बोटं वळतात, चक्कर येते. याला पॅनिक अटॅक म्हणतात. तो बहुधा दहा मिनिटांत टोकाला जातो आणि अर्ध्या-एक तासात ओसरतो. रुग्ण नाटक करत नसतो. त्याला खरंच मरण समोर दिसत असतं. कमी हिमोग्लोबिनमुळे धडधड आणखी जाणवते, म्हणून तिला लोहाच्या गोळ्याही सुरू झाल्या.

ताण कशाचा होता

हे मला नंतर कळलं. आधी कळायला हवं होतं, कारण अर्जाला प्रोत्साहन मीच देत होते.

ट्रान्स्फरचा अर्ज हा पहिल्या वर्षाच्या प्रवेशाइतका सरळ नाही. कॉलेजचे गुण लागतात, चालू सत्राचे मधले गुण प्राध्यापकांकडून भरून घ्यावे लागतात, शिफारसपत्रं लागतात आणि ती देणाऱ्या प्राध्यापकांनी मुलीला जेमतेम एक सत्र पाहिलेलं असतं. पहिल्याच वर्षात अर्ज केला तर कॉलेजचे गुण थोडेच असतात, म्हणून शाळेच्या गुणांनाही मोठं वजन राहतं. म्हणजे ज्या गुणपत्रिकेवर एकदा नकार आला, तीच पुन्हा पुढे ठेवायची. बऱ्याच मोठ्या विद्यापीठांची मुदत मार्चच्या आसपास असते आणि निकाल मेमध्ये. तोवर नेहमीचा अभ्यास चालूच, आणि त्यात एकही गुण घसरू द्यायचा नाही.

बरं, जागा किती? ही गोष्ट आयसीयूच्या खाटांसारखी आहे. खाट रिकामी झाली तरच नवा रुग्ण घेता येतो. अशा नामांकित विद्यापीठांत पहिल्या वर्षाचे शंभरातले सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव विद्यार्थी दुसऱ्या वर्षी तिथेच परततात. मग जागा उरणार कुठून? प्रिन्स्टन विद्यापीठाने 1990 नंतर ट्रान्स्फर प्रवेश बंदच ठेवले होते. 2018 मध्ये ते पुन्हा सुरू केले तेव्हा 1400 हून जास्त अर्ज आले आणि प्रवेश देऊ केला गेला फक्त 13 जणांना. सगळीकडे असं नाही. कॉर्नेल दरवर्षी शेकडो ट्रान्स्फर विद्यार्थी घेतं. कॅलिफोर्निया विद्यापीठात तर हा राजमार्गच आहे, पण तिथे प्राधान्य त्याच राज्यातल्या कम्युनिटी कॉलेजच्या मुलांना. आमच्या मुलीने ज्या पाच ठिकाणी अर्ज केले, तिथली दारं अगदी अरुंद होती. ही माहिती सगळ्यांसाठी खुली आहे. मी ती अर्ज भरून झाल्यावर वाचली.

"तू इथून का जातेस?"

अर्जातला सगळ्यात अवघड प्रश्न म्हणजे निबंधाचा. आहे ते विद्यापीठ का सोडायचं आणि आमच्याकडेच का यायचं? मुलीने याचे नऊ मसुदे लिहिले. प्रयोगशाळा, अभ्यासक्रम, प्राध्यापकांची नावं, सगळं होतं. ते मी वाचून "छान" म्हटलं होतं.

इमर्जन्सीनंतर तिला विद्यापीठातल्या समुपदेशकाकडे पाठवलं. तिसऱ्या भेटीनंतर तिने मला फोन केला. या वेळी तिची सकाळ होती.

"आई, मी निबंधात लिहिलं ते सगळं त्यांच्या माहितीपत्रकातलं होतं. मला इथून का जायचंय माहितेय? रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. रूममेट तिच्या घरी जाते. मी एकटीच खोलीत नूडल्स खाते. मला वाटायचं, तिकडे गेले की असं होणार नाही."

मी गप्प बसले. ज्या नूडल्सवरून मी तिला दर वेळी बोलले होते, त्या ती रविवारी का खात होती हे मी विचारलं नव्हतं.

थोड्या वेळाने ती म्हणाली, "आणि तुला कॉलेजचं नाव सांगताना दोनदा सांगावं लागतं ना, ते पण."

हे खरं होतं. दवाखान्यात कुणी विचारलं, "मॅडम, मुलगी कुठं असते?" की मी विद्यापीठाचं नाव सांगायची, समोरच्याला ते कळायचं नाही, मग मी राज्याचं नाव सांगायची आणि विषय बदलायची. फोनवर ती हे कधीतरी ऐकत असणार. तिच्या अर्जात माझीही सही होती म्हणा ना.

आमच्याकडे रुग्ण येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, मला पुण्याच्या मोठ्या हॉस्पिटलला चिठ्ठी द्या." मी चिठ्ठी देण्याआधी विचारते, नेमका त्रास काय आहे? इथे नसलेली तपासणी हवी असेल तर जरूर जा. पण रात्री झोप लागत नाही, घरात कुणाशी बोलणं नाही, असा त्रास असेल तर तो तुमच्याबरोबरच पुण्याला येईल. ट्रान्स्फरचंही तसंच आहे. हवा तो विषय तिथे शिकवतच नाहीत, खर्च झेपत नाही, घरच्या कुणाच्या आजारपणासाठी जवळ यायचंय, ही बदलण्याची खरी कारणं आहेत. एकटेपणा हे कारणही खोटं नाही, पण त्याचा उपचार त्याच आठवड्यात, आहे त्या गावात सुरू करावा लागतो. मे महिन्यातल्या निकालाची वाट पाहत बसायचं नाही.

मेमध्ये पाचही ठिकाणांहून नकार आले. ती रडली, मीही रडले, तिला न सांगता. दोन दिवस तिने फोन उचलला नाही, फक्त "ठीक आहे" असा मेसेज करायची. पण तोवर ती रात्री साडेबाराला झोपत होती, दुपारनंतर कॉफी बंद होती आणि रविवारी तीन मुलींबरोबर वरण-भात शिजवत होती. कुकर मीच पाठवला होता. धडधड अजून परीक्षेच्या आधी होते, पण आता ती घाबरत नाही. ट्रान्स्फरचा विचार तिने पूर्ण सोडलाय का? नाही. पुढच्या वर्षी पुन्हा पाहू म्हणते. या वेळी कारण तिचं तिला माहीत असेल, एवढं मला पुरे आहे.

तुम्ही काय करू शकता

प्रवेश अमेरिकेतला असो, नीटचा असो की कॅप राउंडचा, या गोष्टी सगळीकडे लागू पडतात.

- मुलाचा फोन आला की त्याच्या घड्याळात किती वाजलेत ते आधी पाहा. सतत रात्री दोन-तीनला फोन येत असेल तर तो निरोप समजा.
- "काय खाल्लंस?" बरोबर "कुणाबरोबर खाल्लंस?" हेही विचारा.
- अर्ज भरण्याआधी जागा किती आणि अर्ज किती हे एकत्र बसून पाहा. नकार आला तर दुसऱ्या दिवशी काय करायचं तेही आधीच ठरवा.
- "निकाल आला का?" हा प्रश्न रोज विचारू नका. आला की मूल सांगेल.
- पॅनिक अटॅक आला तर शेजारी बसा. श्वास हळू सोडायला सांगा, आत घेण्यापेक्षा बाहेर सोडायला जास्त वेळ. तोंडावर कागदी पिशवी धरू नका. पहिल्यांदाच असं झालं असेल तर डॉक्टरांकडून तपासून घ्याच.

हे मात्र ताण म्हणून सोडू नका

चालताना किंवा जिना चढताना छातीत दुखणं, शुद्ध हरपणं, काळी शी, रक्ताची उलटी, कारण नसताना वजन उतरणं, घास गिळायला त्रास, यापैकी काही असेल तर लगेच तपासणी हवी. ॲसिडिटीची गोळी मनाने महिनोन्‌महिने घेऊ नका. फोनवरून आईने सांगितली असली तरी.

दोन आठवड्यांहून जास्त काळ मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं झाल्याचं मूल बोललं तर वाट पाहू नका. भारतात टेलिमानसचा 14416 हा मोफत क्रमांक चोवीस तास चालू असतो, अमेरिकेत 988.

आज माझ्या टेबलावर दोन घड्याळं आहेत. दुसरं तिच्या वेळेला लावलेलं आहे. ते कशाला, असं ओपीडीत रुग्ण विचारतात. आता तिच्या विद्यापीठाचं नाव मी एकदाच सांगते, आणि समोरच्याला कळलं नाही तर कुकरमधल्या वरण-भाताची गोष्ट सांगते.

काळजी घ्या, आणि मुलांना आज त्यांच्या सकाळी फोन करा.