नऊ माणसांचा हात

हे आम्ही दोघी जावांनी मिळून लिहिलं आहे. एकजण सांगते, दुसरी लिहिते आणि मध्येच कुणीतरी म्हणते, "तसं नव्हतं झालं." म्हणून यात 'मी' नाही, सगळीकडे 'आम्ही'च आहे. वेगळं सांगायची वेळ आली तिथे थोरली आणि धाकटी म्हटलं आहे.

सोलापुरात बेगम पेठेत आमचं घर. अम्मी म्हणजे आमच्या सासूबाई, आमचे दोघींचे नवरे, आम्ही दोघी आणि चार मुलं, अशी नऊ माणसं. चौदा वर्षं एकाच गॅसवर सगळ्यांचा स्वयंपाक झाला. आता मुलं मोठी झाली, दोन खोल्या पुरेनात. धाकटीच्या नवऱ्याचं कामही विजापूर रोडकडे, म्हणून तिकडेच एक फ्लॅट बघितला. भांडण नाही, तंटा नाही. पण स्वयंपाकघर वेगळं होणार म्हटल्यावर लोकांचा पहिला प्रश्न एकच, "काय झालं?" काही झालं नाही म्हटलं तर कुणाला पटत नाही.

खरं सांगायचं तर आम्हालाही ते जड जात होतं. वेगळं जेवणं म्हणजे नातं तोडणं, असं लहानपणापासून मनात बसलेलं. सूरह नूरच्या ६१व्या आयतीत नातलगांच्या घरी जेवण्याचा उल्लेख आहे आणि एकत्र जेवा किंवा वेगवेगळे, त्यात गुनाह नाही, असंही सांगितलं आहे. ही गोष्ट अम्मीनेच आम्हाला दाखवली. पण दाखवून झाल्यावर ती आठ दिवस गप्प होती. नवव्या दिवशी चहा पिताना म्हणाली, "इतवार कू बाजार जाव. नया सामान लेव. और वो देग मोड में डालो, जो पैसे आयेंगे दोनों आधे-आधे बाँट लेव."

देग म्हणजे अम्मीच्या लग्नातली तांब्याची देग. दहा-बारा लिटर मावतील एवढी. चार वर्षं ती माळ्यावर पालथी पडून होती, कारण आतली कल्हई गेली होती आणि कल्हईवाला दारावर येईनासा झाला होता. बिनकल्हईच्या तांब्यात चिंच, टोमॅटो, ताक काही चालत नाही. आंबट लागलं की तांबं पदार्थात उतरतं, जेवण कळकतं आणि पोट बिघडतं. आमच्या घरी देगीत व्हायचा तो दालचा, आणि दालच्यात तर चिंच हवीच.

रविवार उजाडला. जानेवारीचे दिवस, सिद्धरामेश्वरांच्या यात्रेचा गड्डा होम मैदानावर अजून भरलेला होता. दोघे भाऊ चारही मुलांना घेऊन तिकडे जाणार होते, त्यामुळे आम्हाला संध्याकाळपर्यंत कुणाचा चहा नाही, कुणाचा डबा नाही. असा मोकळा दिवस शेवटचा कधी मिळाला होता, ते दोघींनाही आठवेना. रात्रीच्या शिळ्या कडक भाकरीचा चुरा, त्यावर दही आणि शेंगा चटणी, असा नाश्ता सावकाश केला. मग कागद घेऊन यादी लिहायला बसलो.

यादी करतानाच धाकटीची पहिली अडचण कळली. पातेलं केवढं घ्यायचं? चार माणसांना भात किती लागतो, हेच तिला सांगता येईना. ती या घरात आली ती नऊजणांच्या नाही तर त्याहून जास्त माणसांच्या स्वयंपाकात. अब्बा होते, फूफी यायच्या. डाळीला मीठ किती, तर मूठ कशी भरते त्यावर. आता ती मूठ अर्धी कशी करायची? आणि थोरलीची अडचण याच्या उलट. सकाळी एक पीठ मळते, दुसरी थापते, अशी आमची सवय. पुढच्या महिन्यापासून तिच्या परातीत एकच हात असणार. दोघींनी आपापली अडचण मनातच ठेवली आणि यादीत लिहिलं, 'पातेली – तीन'.

रिक्षात देग मध्ये ठेवून आम्ही दोन बाजूंना बसलो आणि टिळक चौक, मधला मारुती या जुन्या बाजारात उतरलो. तिथल्या एका भांड्यांच्या दुकानात गेलो. मालक वयस्कर, सावकाश बोलणारे. आधी कुकर बघितला. चार माणसांना तीन लिटरचा पुरे, असं आम्ही धरून चाललो होतो. मालक म्हणाले, "ताई, डाळीला फेस येतो. डाळ शिजवताना कुकर निम्म्याच्या वर भरायचा नसतो. मग तीन लिटरात उरलं किती?" हिशेब पटला आणि पाच लिटरचा घेतला. आयएसआय मार्क बघून घेतला. घरगुती प्रेशर कुकरला तो सक्तीचा आहे. सेफ्टी व्हॉल्व्ह आणि जादा रिंग कुठे मिळते, तेही विचारून ठेवलं.

मग पातेली. धाकटीच्या फ्लॅटमध्ये सिलिंडरची सोय होईपर्यंत इंडक्शन शेगडी वापरायची आहे. चुंबक चिकटलं म्हणजे स्टील हलकं, अशी आमची समजूत होती. इंडक्शनला मात्र बुडाला चुंबक चिकटणारंच भांडं लागतं. ॲल्युमिनियम, तांबं किंवा साधं बिनचुंबकी स्टील त्यावर तापत नाही. मुलांच्या कंपासपेटीतलं चुंबक आम्ही पर्समधून नेलं होतं. प्रत्येक पातेलं पालथं करून लावून बघत होतो. मालक हसले, पण अडवलं नाही. बूड सपाट आहे ना, हेही काचेच्या काउंटरवर ठेवून पाहिलं.

तवा मात्र लोखंडीच घेतला. नॉनस्टिकवर पोळी होते, पण ज्वारीची भाकरी चांगली तापलेल्या जाड तव्यावरच फुगते. नवा तवा आणला की लगेच भाकरी टाकायची नाही. आधी घासून धुवायचा, कोरडा करून तेलाचं बोट फिरवायचं, धूर येईपर्यंत तापवायचा, पुसायचा आणि असं तीन-चारदा करायचं. तरीही पहिली भाकरी चिकटते. ती पुढच्यांसाठी बळी गेली असं समजायचं. मालकांनी विचारलं, "भाकरी कुठल्या ज्वारीची?" आम्ही म्हटलं, "मालदांडी." मंगळवेढ्याच्या काळ्या रानातली ज्वारी घरात असताना तव्यात काटकसर कशाला करता, असं म्हणून त्यांनी जाड तवाच पुढे सरकवला.

बिल झालं आणि मालकांची नजर देगीकडे गेली. त्यांनी ती उचलली, बोटाच्या पेराने वाजवली, काट्यावर ठेवली. "जुनं तांबं आहे, चांगला भाव देतो. मोडीत घातलीत तर आजच्या खरेदीतला बराच भाग निघेल."

आम्ही दोघी गप्प. थोरलीच्या मनात, धाकटीला नवं घर मांडायचं आहे, तिला पैसे लागणार, आपण नको कसं म्हणायचं? धाकटीच्या मनात, घर सोडून जाणारी मी, देग ठेवा म्हणायचा मला हक्क काय? काट्यावरचा आकडा दोघींना दिसत होता. मालक एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होते. शेवटी धाकटीने विचारलं, "चाचा, इथे कल्हई कोण करतं?" थोरलीने त्याच क्षणी देग काट्यावरून उतरवली. पैशांची गरज नव्हती असं नाही. पण त्या देगीचे अर्धे-अर्धे पैसे वाटले असते तर लोकांच्या 'काय झालं?'ला आमच्याकडे खरंच उत्तर झालं असतं.

मालकांनीच मागच्या गल्लीतला पत्ता सांगितला. कल्हईवाले चाचा जमिनीतल्या खड्ड्यात कोळसे पेटवून बसले होते. भाता आता हाताचा नाही, छोटा विजेचा पंखा आहे. त्यांनी देग आतून घासून लख्ख केली, निखाऱ्यावर फिरवून तापवली, नवसागराची पूड टाकली. पांढरा धूर निघाला आणि डोळे चुरचुरले. मग कथलाची कांडी टेकवली. कथील वितळताच कापसाच्या बोळ्याने ते सगळीकडे पुसत नेलं. काळं-तांबडं भांडं आमच्या डोळ्यांसमोर चांदीसारखं झालं. शेवटी पाण्यात बुडवलं, चर्र आवाज आला. चाचा म्हणाले, "रिकामी देग विस्तवावर ठेवू नका. तारेने घासू नका." कथील २३२ अंशांना वितळतं, म्हणून आधी तेल-कांदा आणि मगच आच.

घरी आलो तेव्हा अम्मी जोहरची नमाज पढून तसबीह घेऊन बसली होती. तिने देगीकडे बघितलं, आमच्याकडे बघितलं. काही बोलली नाही. उठून चणाडाळ भिजत घातली.

दुपारभर स्वयंपाक केला, घाई न करता. अंगणात शेगडी मांडली. एक किलो मटण, चार मोठे कांदे, आलं-लसूण, हळद, तिखट, गरम मसाला देगीत घालून मंद आचेवर दीड तास ठेवलं. अर्धा किलो चणाडाळ आणि मूठभर तूरडाळ नव्या कुकरात, म्हणजे त्याचीही परीक्षा झाली. डाळ घोटून मटणात ओतली, दुधी भोपळ्याच्या मोठ्या फोडी घातल्या आणि त्या शिजल्यावरच चिंचेचा कोळ. कोळ आधी पडला तर भोपळा कडक राहतो. वरून जिरं, लाल मिरची, कढीपत्त्याची बगार. बाजूला किलोभर तांदळाचा बगारा खाना, त्यात पुदिना आणि खडा मसाला.

मीठ घालायची वेळ आली तेव्हा थोरलीने धाकटीच्या हातात चमचा दिला. "आज मूठ नको. मोज." तिने मोजलं. नऊजणांना चार चमचे लागले. म्हणजे तिकडे दोनला जरा कमी. कागदावर लिहून घेतलं. मग तांदळाची वाटी मोजली, तिखट मोजलं. सकाळच्या यादीच्या पाठीमागे एका बाजूला चार माणसांचं आणि दुसऱ्या बाजूला पाच माणसांचं असं माप तयार झालं. थोरलीलाही ते लागणारच होतं, हे तोवर कुणी बोललं नव्हतं.

इशानंतर दस्तरखान मांडलं. मुलं गड्ड्यातून धुळीने माखून, पिपाण्या वाजवत आली होती. जेवताना देगीचं ठरलं. ती याच घरात राहील, ज्या घरी दावत असेल तिथे जाईल, कल्हईचा खर्च निम्मा-निम्मा.

जेवणं झाल्यावर अम्मीने यादी मागितली. चष्मा लावून एकेक ओळ वाचली. शेवटची ओळ होती, 'खलबत्ता – मोठा'. तो बाजारात आणायचा राहून गेला होता. शेंगा चटणी मिक्सरमध्ये होत नाही. शेंगदाणे, लसूण, जिरं, तिखट कुटता कुटता तेल सुटावं लागतं, म्हणून तो लिहिला होता. थोरली म्हणाली, "पुढच्या रविवारी आणू."

अम्मीने पेन घेतलं आणि त्या ओळीवर रेघ मारली.

"ये नक्को. चटनी कूटने कू इधरीच आना."